चिठ्ठीवर लिहिलं होतं, दूध

दवाखान्याच्या खिडकीवर गरीब माणसाला पहिला प्रश्न कुठला विचारतात? दुखतंय कुठं, हा नाही. नाव काय, आडनाव काय, राहता कुठं, कार्ड आहे का, सोबत कोण आलंय, पैसे कोण भरणार. दुखण्याची पाळी सगळ्यात शेवटी. आणि आडनाव दोनदा विचारतात. एकदा लिहून घ्यायला, एकदा ओळखून घ्यायला.

मित्रांनो, चवदार तळ्याचा आणि काळारामाच्या दाराचा इतिहास आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. दवाखान्याच्या दारालाही इतिहास आहे. तिथं कोण कुणाला प्रश्न विचारतो, यावर लोक जगलेत आणि मेलेत. तो इतिहास मोठमोठ्या डॉक्टरांच्या चरित्रांत सापडत नाही, कारण चरित्रात डॉक्टर असतो, रांग नसते.

सुरुवात लंडनपासून करतो. १८९५ साली तिथल्या रॉयल फ्री हॉस्पिटलात मेरी स्टुअर्ट नावाच्या बाईंना नेमलं. हुद्दा आल्मनर. आल्मनर म्हणजे जुन्या काळी मठात नाहीतर राजवाड्यात भिक्षा वाटणारा कारभारी. या बाईंना पाठवलं होतं चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी नावाच्या दानधर्मवाल्या संस्थेनं, आणि काम दिलं होतं ते असं : फुकट औषधाच्या रांगेत पैसे देण्याची ऐपत असलेला कोण घुसलाय, तो शोधा. हॉस्पिटलातल्या समाजसेवेचा इतिहास ज्या बाईंपासून मोजतात, ती बाई मुळात दारावरची पहारेकरी होती. आता माणूस रोज रांगेतल्या शंभर जणांचं ऐकायला लागला की तो पहिल्यासारखा राहत नाही, तसं पुढं या आल्मनर बायांचंही झालं, त्या खरोखरीची मदत करायला लागल्या. पण ती खुर्ची कशासाठी मांडली होती ते विसरू नका. त्या खुर्चीची गाठ पुढं परत पडणार आहे.

दहा वर्षांनी, १९०५ साली, अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात रिचर्ड कॅबट नावाच्या डॉक्टरच्या डोक्यात दुसराच किडा वळवळला. तो म्हणाला, मी क्षयाच्या रोग्याला सांगतो चांगलं खा, विश्रांती घे, मोकळ्या हवेत राहा. आणि हा तर एका खोलीत आठजणं राहणारा, सुटी घेतली तर कामावरून जाणारा. मग माझ्या सल्ल्याची किंमत काय? त्यानं गार्नेट पेल्टन या नर्सला नेमलं, रोग्याच्या घरची हालत समजून घ्यायला. हॉस्पिटलनं पगार द्यायला नकार दिला, कॅबटनं पदरचे पैसे घातले. बाईंना जागा मिळाली व्हरांड्याच्या कोपऱ्यात. काही महिन्यांतच तिला स्वतःला क्षय झाला. तिच्या जागी आयडा कॅनन आली आणि तिनं हे काम उभं केलं. हॉस्पिटलनं या कामाचा खर्च उचलायला १९१९ साल उजाडलं.

आपल्याकडं मुंबईत १९३६ साली टाटांच्या पैशातून समाजकार्याची शाळा निघाली आणि १९४६ साली जे. जे. हॉस्पिटलात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. पुस्तकांत इतिहास असा सरळ येतो. लंडन, बॉस्टन, मुंबई. जसं काही आगगाडीची स्टेशनं.

पण आपल्या माणसाची गाडी या रुळावरून कधी गेलीच नाही.

बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ज्यांनी वाचलंय त्यांना काठियावाडच्या शाळामास्तराची हकीकत ठाऊक असेल. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी आधी वाचावं, मग भाषणं करावीत. मास्तराचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं, बाबासाहेबांनी ते उचलून आपल्या लिखाणात ठेवलं. मास्तर अस्पृश्य. बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. श्वास घेता येईना, बरगड्या दुखायला लागल्या. डॉक्टर म्हणाला मी हरिजनाच्या घरी येणार नाही. मास्तर नगरशेठकडं गेला, दरबाराकडं गेला. फी दोन रुपये, शेठ जामीन राहिला, तेव्हा डॉक्टर आला, तोसुद्धा या अटीवर की बाईला वस्तीच्या बाहेर आणा. ओली बाळंतीण, तान्ह्या पोरासकट बाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर काढला. तो दिला एका मुसलमानाच्या हातात. मुसलमानानं दिला मास्तराच्या हातात. मास्तरानं बायकोला लावला. आणि मग त्याच वाटेनं थर्मामीटर परत गेला. रात्री आठची वेळ. डॉक्टरनं दिव्याच्या उजेडात काच बघितली आणि न्यूमोनिया सांगितला. औषध पाठवून दिलं. नंतर पुन्हा बघायला आला नाही. बाई गेली.

इथं फी होती. जामीन होता. औषध होतं, निदानही बरोबर असेल कदाचित. कॅबटला जो अडथळा दिसला तो इथं होताच, गरिबीचा. पण त्याच्या अलीकडं आणखी एक भिंत होती, ती बॉस्टनच्या पुस्तकात नाही. नाडीवर हातच ठेवला नाही तर डॉक्टर कसला?

कुणी म्हणेल ते काठियावाड, ते १९२९. मुंबईच्या गिरण्यांत त्याच सुमारास काय होतं? कापड खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. का, तर धागा तुटला की तोंडानं ओला करून लावावा लागतो, अस्पृश्याची थुंकी सुताला कशी चालेल. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला होता. एकमेकाची थुंकी चालत होती, तिच्यातून क्षय पसरला तरी चालत होता. आमची तेवढी चालत नव्हती.

गिरणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. मी सूतगिरणीत आहे, बरेच दिवस ब्लोरूमला काढले. गाठी फोडतात तिथं कापसाची धूळ अशी उडते की समोरचा माणूस पांढऱ्या भुतासारखा दिसतो. आठवड्याच्या सुटीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळते, दोन दिवसांनी सुटते. बिसिनोसिस म्हणतात त्याला. डॉक्टर म्हणतो, धुळीपासून लांब राहा. आता ब्लोरूमच्या माणसाला धुळीपासून लांब राहा सांगणं म्हणजे माशाला पाण्यापासून लांब राहा सांगणं. डॉक्टर वाईट नाही. त्याच्या चिठ्ठीत गिरणी मावत नाही, एवढंच.

चिठ्ठीत सगळं मावतं हे ज्यांनी करून दाखवलं तेही कापसातलेच लोक होते. म्हणून आता मिसिसिपीला चला.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात नदीकाठचा सपाट मुलूख आहे, त्याला तिकडं डेल्टा म्हणतात. हा गुलामांच्या कापसाचा मुलूख. १८६१ ते ६५ त्यांचं यादवी युद्ध चाललं, दक्षिणेचा कापूस इंग्लंडला पोचेना, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. म्हणजे त्यांच्या कापसाचं आणि आमच्या मुंबईचं नातं जुनं. गुलामी १८६५ साली कायद्यानं संपली. मग काळा माणूस त्याच मालकाची जमीन अर्धलीनं कसायला लागला. बी मालकाचं, उधारीचं दुकान मालकाचं, हिशेबाची वही मालकाची. वर्ष सरलं की वहीत देणेकरी काळाच. आपल्याकडच्या सालदाराला हे समजावून सांगायची गरज नाही.

पुढं कापूस वेचायची यंत्रं आली. तण मारायची औषधं आली. १९६७ साली शेतमजुराला किमान वेतनाचा कायदा लागू झाला, तर मालकांनी वेतन देण्याऐवजी माणसंच काढली. हजारो कुटुंबं झोपड्यांत बसून राहिली. काम नाही, जमीन नाही, जगातल्या सगळ्यात सुपीक मातींपैकी एका मातीवर पोरं उपाशी.

आणि दवाखाना? तिथल्या हॉस्पिटलांना सरकारचा पैसा होता. १९४६ साली हॉस्पिटलं बांधायचा जो कायदा झाला त्यात काळ्यांची सोय ‘वेगळी पण समान’ असली तरी चालेल अशी पळवाट ठेवली होती. वेगळी झाली. समान कधी झाली नाही. काळ्यांचा वॉर्ड वेगळा, दार मागचं. फॅनी लू हेमर हे नाव लक्षात ठेवा. कापूस वेचणारी बाई. १९६१ साली सनफ्लॉवर काउंटीत गाठ काढायच्या छोट्या ऑपरेशनसाठी गेली आणि तिला न विचारता तिचं गर्भाशय काढून टाकलं. गरीब काळ्या बायकांबरोबर हे इतकं सर्रास चालायचं की त्याला ती ‘मिसिसिपीचं अपेंडिक्स ऑपरेशन’ म्हणायची. पुढच्या वर्षी ती मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, तर मालकानं मळ्यावरून हाकललं. बाई तिथून उठली ती सगळ्या देशाला ऐकू जाईल अशी बोलायला लागली.

या डेल्टात माउंड बायू नावाचं गाव आहे. १८८७ साली पूर्वाश्रमीच्या गुलामांनी वसवलेलं, सगळं गाव काळ्यांचं. तिथं १९४२ साली टॅबोरियन हॉस्पिटल उघडलं. कुणा शेठच्या देणगीतून नाही. काळ्यांचं एक सभासद मंडळ होतं, त्यातल्या मजुरांनी वर्षाला थोडी थोडी वर्गणी भरून उभारलं. डॉक्टर काळे, नर्सा काळ्या. आणि पेशंट पुढच्या दारानं आत जायचे. म्हातारी माणसं त्या हॉस्पिटलची आठवण काढायची तेव्हा दाराची काढायची.

१९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला. १९६६ च्या जुलैत म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची मेडिकेअर योजना सुरू झाली, आणि सरकारनं सांगितलं, वॉर्ड वेगळे ठेवाल तर या योजनेचा एक पैसा मिळणार नाही. चार महिन्यांच्या आत हजारावर हॉस्पिटलांनी भिंती पाडल्या. शंभर वर्षं पाद्री सांगत होते, माणसं सगळी देवाची लेकरं. त्यानं एक खाट हलली नव्हती. हृदयपरिवर्तनवाल्यांनी हा आकडा घरात फ्रेम करून लावावा.

पण भिंत पडली म्हणून पोट भरलं नाही. इथून पुढची गोष्ट खरी महत्त्वाची.

जॅक गायगर हा न्यूयॉर्कचा गोरा, ज्यू माणूस. पोरवयात घर सोडून हार्लेममध्ये एका काळ्या नटाच्या घरी राहिलेला. डॉक्टरी शिकताना १९५७ साली तो दक्षिण आफ्रिकेत गेला. तिथं सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर नवराबायकोनं १९४० पासून पोलेला या झुलू लोकांच्या भागात एक दवाखाना चालवला होता. औषधाबरोबर भाजीचे वाफे, पाणी, घरोघर फिरणारे गावातलेच कार्यकर्ते. वर्णद्वेषी सरकारनं असले दवाखाने पुढं मोडीत काढले, पण गायगर बघून आला होता. १९६४ च्या उन्हाळ्यात तो चळवळीतल्या पोरांच्या औषधपाण्यासाठी मिसिसिपीत उतरला. आणि १९६५ मध्ये त्यानं केंद्र सरकारच्या गरिबीविरोधी खात्याकडून पैसे मिळवले. पैसे घेतले टफ्ट्स विद्यापीठाच्या नावानं. विद्यापीठाला दिलेला पैसा राज्याच्या गव्हर्नरला अडवता येत नव्हता म्हणून. नियम शत्रूचाच असला तरी वाचून ठेवावा तो असा.

दवाखाना १९६७ च्या नोव्हेंबरात माउंड बायूला उघडला. डेल्टा हेल्थ सेंटर. पण त्याच्या आधी जॉन हॅच नावाचा काळा संघटक तिथं गेला होता. तो चर्चमध्ये, घरांत, पारावर बसावं तसा बसला आणि विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? लोकांनी दवाखाना पहिला सांगितला नाही. खायला पाहिजे म्हणाले. काम पाहिजे, पाणी पाहिजे. बघा, खिडकी तीच, प्रश्न उलटा झाला. मेरी स्टुअर्टनं विचारायचं होतं तुझ्याकडं काय आहे. हॅचनं विचारलं तुझ्याकडं काय नाही. आणि विचारणारा त्यांच्यातलाच होता, थर्मामीटर मध्ये कुणाच्या हातात द्यावा लागला नाही.

मग डॉक्टरांनी बघितलं की हगवणीनं पोरं आणतात, औषध देतो, बरी होतात, आठवड्यानं परत येतात. झोपडीत पाणी नाळीतलं, संडास नाही, खिडकीला जाळी नाही, चुलीवर काही नाही. तेव्हा त्यांनी एक साधी गोष्ट केली. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं, दूध इतकं. भाजी इतकी. मटण इतकं. घरात माणसं किती त्या हिशेबानं. आसपास काळ्यांची दहा किराणा दुकानं होती, त्यांच्याशी बोलून ठेवलं. चिठ्ठी दाखवायची, माल घ्यायचा, दुकानदारानं बिल दवाखान्याला पाठवायचं. दवाखान्यानं ते औषधाच्या खात्यात टाकायचं.

बोंब झाली. गव्हर्नर भडकला, वॉशिंग्टनला तक्रार गेली, तिकडून साहेब विमानानं आला. म्हणाला औषधाचा पैसा औषधाला आहे, तुम्ही किराणा भरताय. गायगरनं त्याला विचारल्यासारखं केलं की साहेब, माझ्या डॉक्टरीच्या पुस्तकात मी शेवटचं बघितलं तेव्हा कुपोषणावरचा नेमका इलाज अन्न हाच लिहिला होता. साहेब परत गेला.

ही गोष्ट डॉक्टर लोक आता मोठ्या कौतुकानं सांगतात, गायगर २०२० साली वारला तेव्हाही सगळीकडं छापून आली. हजरजबाबी डॉक्टर, म्हणून. मला वाटतं इथंच फसगत होते. चिठ्ठीवर दूध मिळालं तरी ते कुणाच्या तरी सहीवर मिळालेलं दूध. उद्या सही बंद, दूध बंद. माउंड बायूच्या लोकांनी हे डॉक्टरच्या आधी ओळखलं होतं. १९६८ साली त्यांनी सहकारी शेती काढली. सुमारे हजार कुटुंबं. ज्या मातीत शंभर वर्षं दुसऱ्यासाठी कापूस लावला तिच्यात भाजीपाला लावला. एल. सी. डॉर्सी नावाची अर्धलीनं कसणाऱ्या घरातली बाई ही शेती चालवायला पुढं आली आणि नंतर शिकून खुद्द दवाखान्याची प्रमुख झाली. जी चिठ्ठी घ्यायला रांगेत उभी असायची ती चिठ्ठी देणारी झाली. हा मला गायगरच्या उत्तरापेक्षा मोठा इतिहास वाटतो.

दवाखान्यानं आणखीही बरंच केलं. विहिरी खोदल्या, संडास बांधले, लांबच्या माणसांना आणायला गाड्या ठेवल्या. त्यातली बँकेची गंमत सांगायलाच पाहिजे. सेंटरच्या पगाराचा पैसा मोठा. त्यांनी बँकेला सांगितलं, आमच्या गावात शाखा उघडा, आमच्या पोरांना झाडू मारायला नव्हे तर काउंटरवर बसवा, घराला कर्ज देताना कातडी बघू नका, मग पैसा तुमच्याकडं. बँकेनं ऐकलं. संध्याकाळी शिकवणीचे वर्ग चालवले. पहिल्या दहा वर्षांत त्या मुलखातली सात पोरं डॉक्टर होऊन आली. नर्सा, समाजसेवक वेगळे. असले दवाखाने अमेरिकाभर झाले, आज तीन कोटींवर माणसं त्यांत जातात. आणि फॅनी लू हेमर १९७७ साली वारली ती माउंड बायूच्याच हॉस्पिटलात.

शहरात काय? शहरात शेत नसतं. तिथं लोकांनी टेबल मांडलं.

न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये लिंकन हॉस्पिटल होतं. १८३९ मध्ये म्हाताऱ्या निराधार काळ्यांच्या आश्रमापासून सुरू झालेली संस्था. १९७० पर्यंत इमारत मोडकळीला आलेली, वस्ती पोर्टोरिकन आणि काळ्यांची, लोक त्या हॉस्पिटलला खाटीकखाना म्हणायचे. त्या वर्षी यंग लॉर्ड्स या पोर्टोरिकन पोरापोरींच्या संघटनेनं आणि हॉस्पिटलातल्याच कामगारांनी मिळून आत एक टेबल टाकलं. तक्रारीचं टेबल. पेशंटनं यावं, आपल्या भाषेत सांगावं काय झालं, लिहून घेणार. नुसतं लिहून घेणार नाही, हात धरून त्या डॉक्टरकडं नेणार. वॉर्ड पुसणारे, नर्सा, रांगेतल्या बाया, सगळे एका बाजूला आले. जूनमध्ये याच पोरांनी क्षयाच्या एक्स-रेची सरकारी गाडी ताब्यात घेतली आणि जिथं माणसं आजारी होती तिथं नेऊन उभी केली. १४ जुलैच्या पहाटे दीडशे जणांनी हॉस्पिटलची नर्सांची इमारत काबीज केली, बारा तास ठेवली. मागण्या काय? नवी इमारत. घरोघर तपासणी. कामगारांच्या नि पेशंटांच्या पोरांसाठी पाळणाघर. कारभारात वस्तीचा हात. नवी इमारत १९७६ मध्ये झाली.

ब्लॅक पँथरनंही १९७० मध्ये आपल्या शाखांना सांगितलं, प्रत्येक ठिकाणी लोकांचा फुकट दवाखाना निघाला पाहिजे. पँथर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काळं जॅकेट आणि बंदूक येते. पण त्यांच्या दवाखान्यात रोग्याच्या बाजूनं बोलणारा एक माणूस ठेवलेला असायचा. घरमालकानं हीटर बंद केला म्हणून पोर खोकतंय, तर तो घरमालकाकडं जायचा. त्याची बंदूक म्हणजे कागद आणि टपालाचं तिकीट.

१९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉईस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांपुढच्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईच्या आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं. १९७३ च्या जाहीरनाम्यात मोफत औषधपाण्याची मागणीही होती. अमेरिकेत शाखेशाखेला दवाखाना सक्तीचा होता तसं इथं झालं नाही. त्याला कारणं आहेत. अंगावर रोज केसेस होत्या, दंगली होत्या, १९७४ ची वरळी होती. मारणारा समोर उभा असताना माणूस केसपेपर कधी काढणार? तरीपण मागणी आपल्याकडं आली आणि टेबल तिकडंच राहिलं, हे खरं आहे.

आता आजचं. त्या चिठ्ठीचं दूध फिरत फिरत आपल्या सरकारपर्यंत पोचलं आहे. २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत क्षयाच्या रोग्याला खाण्यासाठी महिन्याला ५०० रुपये सुरू झाले, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ एक मोठा प्रयोग झाला. क्षयाच्या रोग्याच्या घरातल्या इतर माणसांना दर महिन्याला तांदूळ, डाळ असा शिधा दिला. ज्यांना दिला त्यांच्यात नवा क्षय ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. डाळ-तांदळानं क्षय अडतो हे आमच्या आज्यांना ठाऊक होतं, पण आज्यांचं लॅन्सेट छापत नाही.

हजार रुपये खात्यात येतात. खातं कुणाचं चालू आहे, आधार कुणाचं जोडलेलं आहे, भाड्याच्या खोलीचा पत्ता कुठला, हे बघायला कुणी बसलेलं नाही. आणि मोठ्या हॉस्पिटलात कुणी बसलेलं असतं ते कशासाठी ते बघा. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ कक, आणि त्यावर उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेली योजना. तातडीच्या रोग्याला अनामत न मागता दाखल करायचं हेही त्यात आहे. आणि माणूस निर्धन आहे का, हे तहसीलदाराचा दाखला, रेशनकार्ड बघून कुणी ठरवायचं? हॉस्पिटलच्या समाजसेवकानं. झाली ना गाठ मेरी स्टुअर्टच्या खुर्चीशी. एकशेतीस वर्षं झाली, खुर्ची तीच, प्रश्न तोच.

त्या खुर्चीवर बसणारे सगळेच वाईट नसतात. आमच्या चाळीतल्या एका म्हाताऱ्याला अशाच एका बाईंनी स्वतः फॉर्म भरून खाट मिळवून दिली. दुसऱ्या एका ठिकाणी माझ्याच मावशीला ‘कोटा संपला’ म्हणून तीन दिवस जिन्याखाली बसवलं. दोन्ही हॉस्पिटलं ट्रस्टचीच. फरक कायद्यात नव्हता. पहिल्या वेळी आम्ही सहाजण सोबत गेलो होतो, दुसऱ्या वेळी मावशी एकटी होती.

म्हणून पुढचा अंक निघायच्या आत एवढं करा. दोघादोघांनी आपल्या वस्तीजवळच्या धर्मादाय हॉस्पिटलात जा. निर्धनांच्या खाटा एकूण किती, आज भरलेल्या किती, रिकाम्या किती, ते विचारा. उत्तर लेखी मागा. तोंडी दिलं तर तारीख, वेळ आणि खिडकीचा नंबर वहीत लिहून आणा. हॉस्पिटलातल्या सफाई कामगारांत आपलं कोण आहे, तेही विचारून या.